भूक आहे, पण ताट नको

ताई,

माझा मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे. अंगात नुसती भिंगरी. शाळेतून आला की दप्तर टाकून खेळायला पळतो, दर तासाला धापा टाकत घरात येतो आणि "आई, भूक लागली" म्हणतो. पण जेवायला बसवलं की तोंड घट्ट मिटून घेतो. पांढरा भात, उकडलेला बटाटा, केळं, दूध, बिस्किटं आणि कडा लाल न झालेलं ऑम्लेट, एवढंच त्याला चालतं. भाताला कशाचा डाग लागला तरी ताट ढकलतो. मग मी मागे मागे फिरून भरवते, सासूबाई मोबाइल लावून देतात, तरी चार-पाच घासांपुढे गाडी सरकत नाही. उपाशी झोपू नये म्हणून रात्री दूध देते. दिवसाकाठी चार मोठे कप दूध, दोन केळी आणि सात-आठ बिस्किटं मात्र होतातच. वजन १७ किलो, उंची १०८ सेंटिमीटर. गेल्या वर्षी वजन १५ होतं. डॉक्टर म्हणतात वाढ ठीक आहे. पण एवढं धावणारं पोर एवढ्याशा खाण्यावर कसं तग धरणार? जेवणाची वेळ जवळ आली की मला आता धास्तीच वाटते. माझंच काही चुकतंय का?

एक थकलेली आई

*

तुमचं पत्र वाचलं आणि आधी पेन्सिल घेऊन बेरीज केली. तुम्हीही करून पाहा.

मोठा कप दोनशे मिलिलिटरचा धरला तर चार कप म्हणजे ८०० मिलिलिटर दूध. साय न काढलेलं दूध असेल तर त्यातून साधारण ५०० किलोकॅलरी जातात. सात-आठ बिस्किटांच्या ३०० च्या घरात, दोन केळ्यांच्या २०० च्या आसपास. झाल्या हजार. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १३०० ते १५०० किलोकॅलरी असते. तुमच्या भिंगरीची वरच्या टोकाची धरू. म्हणजे ताटाला हातही न लावता त्याच्या दिवसभराच्या गरजेचा दोन तृतीयांश भाग पोटात गेलेला असतो. उरलेलं तो भात, बटाटा, ऑम्लेट यांच्या त्या चार-पाच घासांतून आणि शाळेच्या डब्यातून भागवतो. वर्षात दोन किलो वजन वाढलंय ते यामुळेच. या वयात वर्षाला साधारण तेवढंच वाढायला हवं.

तेव्हा पहिली गोष्ट मनाशी पक्की करा. तुमचं मूल उपाशी नाही. ते एवढ्याशा खाण्यावर राहत नाहीये, ते पुरेसं खातंय, फक्त ते ताटात खात नाहीये. आणि "भूक लागली" म्हणतो तेव्हा तो खोटंही बोलत नाही. दोन बिस्किटं खाऊन जो पळतो, त्याची ती शिदोरी तासाभरात संपते. तो परत येतो, अर्धा कप दूध पितो, पुन्हा पळतो. असं दिवसभर चरत राहिलं की पोट कधी पुरतं रिकामंही होत नाही आणि पुरतं भरतही नाही. नवा, अनोळखी, नकोसा वाटणारा पदार्थ तोंडात घालायला जी सणसणीत भूक लागते, ती त्याला दिवसात एकदाही लागत नाही. भूक तुमच्या बाजूची आहे हो, पण ती सुट्या पैशांसारखी दिवसभर खर्च होऊन जाते आणि जेवणाच्या वेळी खिसा रिकामा असतो.

म्हणून सुरुवात काय वाढायचं इथून करू नका, कधी वाढायचं इथून करा. दर अडीच ते तीन तासांनी एकदा, बसून, असं दिवसातून पाच वेळा खाणं. मधल्या वेळात फक्त पाणी. बिस्किटाचा डबा उंचावर ठेवायचा असंही नाही, तो काही दिवस घरातच नसला तर जास्त बरं, कारण समोर दिसणाऱ्या डब्यावरून रोज भांडण होतं आणि ते भांडण तुम्हालाच थकवतं.

या पाचांतलं सगळ्यात महत्त्वाचं कुठलं, तर शाळेतून आल्यावरचं. बहुतेक घरांत हे खाणं वाया जातं. मूल दारातून येतं तेव्हा त्याला खरोखर कडाडून भूक लागलेली असते आणि आपण त्याच्या हातात बिस्किट देतो, कारण जेवण संध्याकाळी आहे ना! संध्याकाळपर्यंत ते खेळून खेळून इतकं दमतं की चावण्याचंही त्राण उरत नाही. मग किरकिर, हट्ट, ताट ढकलणं. ते नखऱ्यांपेक्षा थकव्याचं जास्त असतं. तुम्ही उलट करा. दिवसाचं मुख्य ताट शाळेतून आल्यावर वाढा. हात-पाय धुवा, पाणी प्यायला द्या, दहा मिनिटं तुमच्याजवळ नुसतं बसू द्या आणि मग पूर्ण जेवण. धावत्या मुलाला थेट ताटावर बसवलं तर ते मनाने मैदानावरच असतं, म्हणून ती दहा मिनिटं चुकवू नका. मग रात्रीचं जेवण हलकं झालं तरी तुमचा जीव टांगणीला लागणार नाही.

आणि तो कशावर बसतो ते एकदा नीट पाहा. मोठ्यांच्या खुर्चीवर बसणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचे पाय लोंबकळत असतात. पाठ टेकवावी तर टेबल लांब, पुढे सरकावं तर घसरायला होतं. अशा बैठकीत अंग सावरण्यातच त्याचा अर्धा जीव जातो आणि आपल्याला वाटतं, याला एका जागी बसताच येत नाही. पायाखाली स्टूल किंवा एखादं भक्कम खोकं द्या, तळवे सपाट टेकले पाहिजेत आणि ताट त्याच्या छातीच्या खाली आलं पाहिजे. जमिनीवर बसत असाल तर हा प्रश्नच येत नाही. वीस मिनिटं बसला की पुष्कळ झालं, अर्ध्या तासापुढे ताणू नका.

आता भरवण्याचं. हे तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे, याची मला कल्पना आहे. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी पालकांसाठी एक वाटणी करून दिली आहे आणि मी वर्षानुवर्षं तीच सांगत आलेय. काय, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. एकाने दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. म्हणजे "आत्ता बिस्किट हवं" हे तो ठरवणार नाही, आणि "अजून तीन घास" हे तुम्ही ठरवणार नाही. भरवणं बंद. मागे फिरणं बंद. "हे संपवलंस तर चॉकलेट" हेही बंद, कारण त्यातून त्याला एवढंच कळतं की चॉकलेट ही खरी चीज आहे आणि ताटातलं म्हणजे शिक्षा.

आग्रह केल्याने काय होतं ते तपासून पाहिलेलं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांना दोन सूप दिली. एक पिताना मोठी माणसं "सूप संपव" म्हणत होती, दुसरं नुसतं समोर ठेवलं. ज्याचा आग्रह झाला ते मुलांनी कमी प्यायलं, आणि त्याच्याबद्दल कुरकुरही जास्त केली. मोबाइलचं याहून वेगळं नाही. पडद्याकडे डोळे लावून बसलेलं मूल तोंड उघडतं, पण आपण काय खाल्लं ते त्याला कळत नाही आणि पोट भरलं तेही कळत नाही. वर्षभर असं भरवलेल्या मुलाला ताटातल्या पदार्थाची ओळखच झालेली नसते.

"पण मग तो काहीच खाणार नाही!" हे तुमच्या मनात आलंच असेल. एखाद्या जेवणात खरंच खाणार नाही. लीॲन बर्च या अमेरिकन संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचं सहा-सहा दिवसांचं खाणं मोजलं होतं, १९९१ साली ते प्रसिद्ध झालं. एकेका जेवणात प्रचंड चढउतार, सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास. पण पूर्ण दिवसाची बेरीज केली तर तोच चढउतार जेमतेम १० टक्के. सकाळी कमी खाल्लं तर मूल दुपारी भरून काढतं. म्हणून हिशेब ताटाचा करू नका, दिवसाचा करा. आणि जमलं तर आठवड्याचा.

सासूबाई कदाचित म्हणतील, सगळं त्याच्यावरच सोडायचं तर मग त्याला हवं ते खाऊ दे की. त्यांना क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंच्या प्रयोगाबद्दल सांगा. त्यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत नुकतंच दूध सुटलेल्या १५ बाळांना आपापलं खाणं निवडू दिलं. कोणी काही सुचवायचं नाही, भरवायचं नाही. बाळांनी विचित्र जेवणं केली, पण सगळी छान वाढली. मात्र निवडीला ठेवलेले ३४ पदार्थ डॉक्टर बाईंनी ठरवलेले होते, सगळे साधे, ताजे आणि साखर न घातलेले. मुलाला मोकळीक आहे, पण टेबल मोठ्यांनी मांडलेलं आहे. तुमच्या घरीही तसंच करायचं.

तर मग टेबलावर काय मांडायचं? तुम्ही दिलेली यादी मी पुन्हा वाचली. भात, बटाटा, केळं, दूध, फिकट ऑम्लेट, बिस्किट. सगळं पांढरं किंवा पिवळसर, चवीला सौम्य, आणि आतून-बाहेरून सारखं. चावताना अचानक साल लागेल, बी लागेल, धागा लागेल असं त्यात काहीच नाही. तुमचा मुलगा नखरेल नाही, तो सावध आहे. पुढचा घास मागच्यासारखाच लागेल याची त्याला खात्री हवी असते. भाताला डाग लागला की त्याच्यासाठी तो भातच राहत नाही.

माझा धाकटा मटाराच्या बाबतीत असाच होता. आठवड्यामागून आठवडे तो ताटाच्या कडेला मटार ओळीने लावून ठेवायचा आणि उठून जायचा. मी काही बोलत नव्हते, पण मनात चडफडत होते. एक दिवस त्याने एक दाणा दोन बोटांत दाबला, साल सटकन निघाली, ती त्याने बाजूला ठेवली आणि आतली दोन दलं चाखली. मग दुसरा दाणा, मग तिसरा. त्याचं वाकडं मटाराशी नव्हतंच, सालीशी होतं! त्यानंतर पुढे किती तरी महिने तो सोलूनच खायचा आणि नंतर कधी सालीसकट खायला लागला ते मला कळलंही नाही. मी त्याला मटार "खायला लावला" असता तर ही साल आम्हाला दोघांनाही कधी सापडली नसती.

म्हणून दर जेवणात त्याच्या यादीतला एक तरी पदार्थ ठेवा, म्हणजे ताट पाहून तो घाबरणार नाही. तुमच्या घरात जे शिजलंय ते त्याच्या शेजारी, वेगळ्या छोट्या वाटीत, नखाएवढं. त्याच्या भातावर नाही, भाताला लागूनही नाही. वाटी वेगळी असली की त्याचा भात सुरक्षित राहतो. खाल्लं नाही तरी वाटी उचलताना काही बोलायचं नाही. वास घेतला, बोट लावलं, जिभेला टेकवलं, तोंडात घालून कागदी रुमालात परत काढलं, ही सगळी प्रगतीच समजा, आणि तोंडातलं काढायची परवानगी त्याला आधीच देऊन ठेवा. परत काढता येतं हे माहीत असलेलं मूल जास्त धाडस करतं. एखादा पदार्थ ओळखीचा व्हायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या वेळीच "याला नाही आवडत" असं ठरवून मोकळे होतो.

नवा पदार्थ निवडताना त्याच्या यादीला चिकटून असलेला निवडा. उकडलेल्या बटाट्याच्या शेजारी उकडलेलं रताळं, मग मऊ शिजवून कुस्करलेला फ्लॉवर. केळ्याच्या शेजारी पिकलेलं, साल काढलेलं पेअर. ऑम्लेटच्या शेजारी उकडलेलं अंडं, आधी नुसता पांढरा भाग. दुधाच्या शेजारी घट्ट दही, चीज. हिरवी पालेभाजी घाईने आणू नका, तिची पाळी फार पुढे आहे. आणि त्याच्या आवडीच्या पदार्थात गुपचूप काही दडवू नका. असं करून काही दिवस भाज्या पोटात जातात हे खरं, पण ज्या दिवशी त्याला ऑम्लेटमध्ये काहीतरी सापडेल त्या दिवसापासून ऑम्लेटही यादीतून जाईल. आहे तेवढी यादी सांभाळणं आत्ता जास्त मोलाचं आहे. घालायचंच असेल तर त्याच्या देखत, त्याच्या हातून घाला.

एक मात्र दडवल्याशिवाय, अगदी उघडपणे, लगेच करता येईल. तो जे खातो तेच अधिक भरीव करा. चमचाभर तेलात साधारण ४० किलोकॅलरी असतात, लोण्यात थोड्या कमी. भातात किंवा कुस्करलेल्या बटाट्यात लोणी विरघळलं तरी रंग पांढराच राहतो, म्हणजे त्याचीही तक्रार नाही. ऑम्लेट एका अंड्याऐवजी दीड-दोन अंड्यांचं करा. केळ्याच्या चकत्यांना, दाण्यांची ॲलर्जी नसेल तर, शेंगदाण्याचं लोणी लावून द्या. धावणाऱ्या मुलाला दोन-तीन तास टिकणारं खाणं म्हणजे पिठूळ पदार्थाच्या जोडीला थोडी प्रथिनं आणि थोडा स्निग्धांश, बिस्किट तिथे कमी पडतं. अख्खे दाणे, सुका मेवा मात्र पळता पळता कधीच नको, ठसका जीवघेणा ठरू शकतो. खाणं बसूनच.

दुधाबद्दल थोडं कडक बोलते. ८०० मिलिलिटर फार झालं. दुधात लोह नगण्य असतं, आणि ते पोट भरून बाकीच्या पदार्थांची जागा घेतं. या वयात दिवसाला ४०० ते ५०० पुरे. एकदम तोडू नका, आठवड्याला एक कप कमी करा, आणि जे राहील ते जेवणानंतर किंवा खाण्यासोबत द्या, जेवणाआधी तासभर तरी नको. त्याच्या यादीत लोहाचा चांगला स्रोत जवळपास नाहीच, म्हणून डॉक्टरांना सांगून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. बद्धकोष्ठता असेल तर तीही सांगा, पोट साफ नसलेल्या मुलाला भूक लागत नाही आणि पालक ताटातच कारण शोधत बसतात.

पहिले चार-पाच दिवस वाईट जातील. जेवणात दोन घास खाऊन तो उठेल आणि वीस मिनिटांनी "भूक लागली" म्हणत येईल. त्या वेळी तुमचा आवाज शांत राहिला पाहिजे, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे. "हो रे, लागली असेल. आता स्वयंपाकघर बंद आहे, लहान काटा इथे आला की पुन्हा उघडेल" असं म्हणा आणि घड्याळावर बोट ठेवून दाखवा. पाच वर्षांच्या मुलाला वेळ कळत नाही, काटा कळतो. तो रडेल. जवळ घ्या, पाणी द्या, बिस्किट देऊ नका. रात्री झोपण्याआधीचं लहानसं खाणं वेळापत्रकातच ठेवा, कपभर दूध आणि सोबत काहीतरी साधं, आणि ते जेवला असो वा नसो, रोज द्या. म्हणजे ते बक्षीसही होत नाही आणि उपाशी झोपल्याची तुमची भीतीही राहत नाही. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. मोबाइल काढून घेतला असं त्यांना वाटता कामा नये. त्या वीस मिनिटांत त्यांनी त्याच्या शेजारी बसून स्वतः जेवावं, हे काम त्यांना द्या. मुलं सांगितलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त शिकतात, आणि घरात निवांत बसून जेवणारं माणूस बहुधा आजीच असते.

काही खुणा दिसल्या तर मात्र माझ्या सल्ल्यावर थांबू नका. वजन वाढणं थांबलं किंवा वाढीच्या तक्त्यावर तो आपली रेघ सोडून खाली आला, गिळताना ठसका लागतो, घास तोंडात धरून बसतो, ओकाऱ्या येतात, पोटात दुखतं, माती-खडू खातो, किंवा आधी खात असलेले पदार्थ एकेक करून सोडत चाललाय आणि परत घेत नाही, तर डॉक्टरांकडे जा आणि हेच शब्द वापरून सांगा. खाण्याच्या या टोकाच्या टाळाटाळीला २०१३ पासून स्वतंत्र निदान आहे आणि त्यावर उपचारही होतात. तुमच्या पत्रात यातलं काही मला दिसलं नाही.

तुमचं काही चुकतंय का, असं विचारलंत. ब्रिटनमधल्या आठ ते अकरा वर्षांच्या जुळ्या मुलांचा २००७ साली एक अभ्यास आला होता. नव्या पदार्थाला नाक मुरडण्याच्या बाबतीत मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला पाऊण भाग आनुवंशिक निघाला. तुमच्या नवऱ्याला किंवा आईला विचारा, लहानपणी कोण भाताला डाग लागला की रडायचं. कोणीतरी निघेलच. तुम्ही उपाशी ठेवायच्या भीतीने जे जे केलंत, ते प्रत्येक आई करते.

येत्या सुट्टीच्या दिवशी सुरुवात करा, शाळेची घाई नसते. पहिल्या वाटीत उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग ठेवा, नखाएवढाच. तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिहा, आणि त्या तुकड्याचं त्याने काय काय केलं ते सविस्तर कळवा. खाल्ला नसला तरी.